काळमाथ्याचा सातवा बार

सिडको, नाशिक
गुरुवार, दि. १६ नोव्हेंबर २००६

ती. अक्का,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. सविता बरी आहे, निकिताची सहामाही झाली, मला या महिन्यात कारखान्याच्या गेटवर दिवसपाळी आहे. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. मालेगावात त्या मागांच्या धुरळ्यात बसून कांड्या भरत राहिलीस तर गुडघ्याआधी छाती जाईल, हे मी तुला दहादा सांगितलं आणि दहाही वेळा तू मलाच गप्प केलंस.

अमित माझ्याकडेच आहे. जेवतो, झोपत नाही. परवा त्याने शेजारणीच्या फोनवर तुला स्वतःच सगळं सांगितलं तेव्हा मी बाजूलाच उभा होतो. हरसूलच्या बाजारात मंगळूला गाठून मारलं, असं तो म्हणाला. तू म्हणालीस, "बरं केलंस बाळा. तुझ्या बापाचं ऋण फिटलं." रिसीव्हरमधून मला स्वच्छ ऐकू आलं. त्यानंतर दोन दिवस मी हे पत्र लिहायला बसतोय आणि उठतोय.

मंगळू मेलेला नाही. नाशिकलाच दवाखान्यात आहे. पोलिसांच्या कागदावर अजून "अनोळखी तरुण" एवढंच आहे. शनिवारी मंगळूचा जबाब घेणार आहेत. अमितला श्रावणात अठरा पूर्ण झाली, तेव्हा आता पोर म्हणून कोणी सोडणार नाही. मंगळू नाव घेईल की नाही, यावर तुझ्या मुलाची पुढची सात-आठ वर्षं आहेत. हे पत्र टपालात टाकत नाही. गेटवरचा माझा जोडीदार आज मालेगावला घरी चाललाय, त्याच्या हाती देतोय. एकटी असशील तेव्हा वाच. शेजारणीकडून वाचून घेऊ नकोस, सावकाश का होईना, स्वतः वाच.

चूक मेळाव्यापासून झाली. काळमाथ्याच्या खाणीवरची माणसं दिवाळीनंतर सातपूरला एका सभागृहात जमली. तू आली नाहीस, शहाणपणा केलास. मी अमितला घेऊन गेलो. बाप जिथे राबला तिथली माणसं पोराने बघावीत, असं मला वाटलं. मला काय काय वाटतं आणि त्याचं काय होतं, हे तुला पुढे कळेलच.

साठ-सत्तर माणसं होती. हरसूलच्या पुढे डांबर संपल्यावर अकरा किलोमीटर चालायचं, तेव्हा काळमाथा यायचा. त्या डोंगरातल्या दीडशे झोपड्यांची आठवण काढताना लोकांच्या डोळ्यांत पाणी येत होतं. मला हसू येत होतं. आपण तिथे होतो तेव्हा प्रत्येक जण तिथून पळायची वाट बघत होता. धरणाला दगड पुरवायचा, खडी खायची, खडी थुंकायची आणि पगार झाला की एकमेकांची डोकी फोडायची. आता तेच सगळ्यांना गोड लागतंय. मुकादमाने एकाला क्रशरच्या खांबाला बांधून पट्ट्याने सोलला होता आणि सुटल्यावर त्याने मुकादमाच्या पाठीत खोरं घातलं होतं, आठवतं? ते सांगताना लोक मांड्यांवर हात मारून हसत होते. मग व्रण दाखवायची टूम निघाली. कोणी धोतर वर करून पोटरी दाखवली, कोणी वाकडं बोट, एकाने तर दात काढून हातावर ठेवले. अमित पुढे सरकून सरकून बघत होता.

तेवढ्यात फुलाबाईने, आपल्या चहाच्या टपरीवाल्या फुलाबाईने, त्याला ओढून शेजारी बसवलं. "तू सावळीरामचा का रं? तुझ्या आईनं त्या मंगळ्याचा हात घणानं कसा ठेचला, सांगितलं का नाय तुला कोनी?" आणि ती उभी राहिली, पदर खोचला आणि तू घण कसा उचललास ते करून दाखवलं. एकदा, दोनदा, तीनदा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अक्का. कोणीतरी मागून म्हणालं, "तो बाजारच्या दिवशी हरसूलला नागली इकत बसतो की. हाय अजून." अमितने माझ्याकडे बघितलं. "मामा, खरंय?" मी म्हणालो, "जुनं झालं ते सगळं." हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. तिथेच तोंड उघडलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी तो मित्राची मोटारसायकल घेऊन हरसूलला गेला. मंगळू पोत्यावर नागलीचे ढीग लावून बसला होता. डावा हात मांडीखाली दाबून, उजव्या हाताने माप भरत होता. डावा तो कोणाला दाखवत नाही. अमितने विचारलं, "काळमाथ्याचा सुरुंगवाला तूच का?" त्याने मान हलवली. शेजारच्या दुकानातलं दोन किलोचं वजन अमितने उचललं आणि त्याच्या तोंडावर घातलं. जबडा गेला. मग दाजींचं नाव घेत घेत खांद्यावर, बरगड्यांवर, मंगळू नागलीत आडवा पडला तरी मारत राहिला. मंगळूने हात वर केला नाही म्हणे. लोक धावले तेव्हा वजन टाकून हा पळाला. माझ्याकडे आला तेव्हा शर्टावर रक्त होतं आणि रक्ताला नागलीचे दाणे चिकटले होते. तो शर्ट मी धुतला. सविताला धुवायला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आता त्र्याण्णवच्या मार्चमधल्या त्या दिवसाचं. तुला तो दिवस पाठ आहे असं तुला वाटतं. तू झोपडीत होतीस, मी टेकाडावर होतो, म्हणून माझं ऐक.

बार मोजायचं काम माझ्याकडे का आलं, तुला माहीत आहे. दहावी झालेला तिथे मी एकटाच. मुकादम म्हणाला, पोरगं शिकलेलं आहे, मोजेल नीट. मंगळू भोकांत दारू भरायचा, वाती लावायचा, तिन्ही बाजूंना तोंड करून "बार हाय, बार" ओरडायचा आणि वाती पेटवून पत्र्याच्या आडोशाला पळायचा. तिथून त्याला काही दिसायचं नाही. किती भोकं उडाली हे टेकाडावरून मी बघायचं, प्रत्येकाला फरशीवर कोळशाची एक रेघ मारायची आणि शेवटी आकडा ओरडून सांगायचा. भरलेली भोकं आणि माझा आकडा जुळला की माणसं आत जायची. एक जरी कमी असलं तरी कोणी जायचं नाही, कारण न उडालेली दारू दगडात तशीच बसलेली असते.

आणि मोजायची धूळ, आवाज नाही. हे तर तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. समोरचा कडा प्रत्येक बाराचा आवाज परत द्यायचा. मधल्या बारांचा आवाज पुढच्या बारात बुडून जायचा, पण शेवटच्या बारानंतर कडा एकटाच बोलायचा, अगदी बार उडाल्यासारखा. नवा माणूस हमखास एक जास्त मोजायचा आणि सगळे त्याला हसायचे. मी नवा नव्हतो. मला तिथे तीन वर्षं झाली होती.

त्या सकाळी दाजींनी मला पाण्याच्या टाकीपाशी, बायांसमोर, कानाखाली दिली. मी आदल्या दिवशीची पिऊन आलो होतो, वास येत होता. "मेहुणा म्हणून सोडतो, नाहीतर हितंच पुरला असता," असं म्हणाले आणि आणखी एक दिली. त्यांचं बरोबर होतं. मला ते तेव्हा कळलं नाही. टेकाडावर जाऊन मी खाणीकडे पाठ केली, टॉवेल तोंडावर घेतला आणि आडवा झालो. दाजी खाली खाणीत होते म्हणून मला खाणीचं तोंड बघायचं नव्हतं. एवढीच ती गोष्ट. मी मुद्दाम काही केलं नाही, हे निकिताच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. पण रागात पाठ केली, हे खरं.

बार सुरू झाले. मी झोपूनच मोजले. सात आवाज आले. उठलो, फरशीवर एकदम सात रेघा मारल्या आणि ओरडलो, "सात, सगळे झाले." भोकं सातच भरली होती. मंगळूने आडोशातून हात वर केला. दाजी आणि ते पेठकडचे दोघे भाऊ पहार घेऊन आत गेले.

दाजींनी पहार घातली आणि सातवा उडाला.

मी पळत खाली गेलो. पेठकडचा धाकटा अर्धा दगडाखाली होता. थोरला बसलेला होता, पण त्याला तोंड नव्हतं. दाजींना मी पट्ट्यावरून ओळखलं. हे तुला मी कधी सांगितलं नाही, कारण तुला बघू दिलं नव्हतं. आता सांगतोय, कारण त्या क्षणी माझ्या मनात दुःख नव्हतं. माझ्या मनात एकच होतं, फरशी. मी परत टेकाडावर धावलो आणि सातवी रेघ टॉवेलने पुसली.

खाली आलो तेव्हा सगळी वस्ती जमली होती. तू भाकरी टाकून आलेली, हाताला पीठ. मंगळू माझ्याकडे बघत पुढे आला. "धनराज, सात बोललास ना रं तू?" सगळ्यांनी माना वळवल्या. मी म्हणालो, "मी सहा सांगितले होते."

चार शब्द, अक्का. मुकादमाने पहिला दांडा घातला, मग बाकीच्यांनी. मंगळू ओरडत होता, "फरशी बघा, फरशी बघा." लोक गेले, बघितली. सहा रेघा. मग तर कोणाला धरायचं कारणच उरलं नाही. पट्टे, दगड, पहारी. एकाने त्याचं डोकं खडीत दाबून धरलं. त्याची कुसाबाई मध्ये पडली, तिला केसांना धरून बाजूला ओढली. ती पोटुशी होती. ते पोर राहिलं नाही. कोणीतरी ओरडलं, ज्या हाताने वाती लावल्या तो हात ठेचा. डावखुरा होता तो. दोघांनी त्याचा डावा हात दगडावर पसरून धरला. तू समोर उभी होतीस. तुझ्या हातात घण आला.

घण तुला कोणी दिला, आठवतं? मला माहीत आहे, तुला आठवत नाही. तू नंतर एकदा म्हणाली होतीस, देवानंच दिला असंल. मी दिला. लोक मंगळूकडे बघत होते तोवर माझ्याकडे कोणी बघत नव्हतं आणि ते तसंच राहावं, एवढ्यासाठी मी तुला घण दिला. तीनदा घातलास. मी मोजले. ते मात्र बरोबर मोजले.

तेरा वर्षं मी का बोललो नाही, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ सांगितली. तुझं आधीच सगळं गेलंय, त्यात भाऊ कशाला घालवायचा. अमित लहान आहे. मंगळूचा हात काही परत येणार नाही. सगळ्यात आवडतं कारण हे की तुला कळलं तर तू एका निरपराध माणसाचा हात ठेचलास, हेही तुला कळेल. म्हणजे मी तुझ्यासाठी गप्प बसलो. हे कारण मी इतकं जपलं की मला माझा अभिमानही वाटायला लागला होता. दर भाऊबीजेला तू ओवाळायचीस आणि मी ताटात साडी ठेवायचो. तुला साडी आवडली की मला बरं वाटायचं.

मंगळवारी मी दवाखान्यात गेलो. मंगळूचा जबडा तारेने बांधलाय. कुसाबाई त्याला चमच्याने पेज घालत होती. मला बघून उठली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली, मी मारायला आलोय असं वाटून. मंगळूने तिला खुणेने बाहेर पाठवलं. दातांतून बोलतो तो, पण कळतं.

म्हणाला, "पोरगं तुझ्याकडं हाय?"

मी हो म्हणालो.

"चार वर्साचं व्हतं तवा माझ्या खांद्यावर बसायचं. बार झाला का हसायचं." मग म्हणाला, "तू सात बोललास. मी ऐकलं. बहिनीला सांगितलं का?"

"नाही."

"तेरा वर्सं नाय?"

"नाही."

"मी लय जनांला सांगितलं. कोन ऐकतो? मी डोंगरातला, तू शिकलेला." तो शिवी देईल असं मला वाटत होतं. दिली असती तर बरं झालं असतं. मी त्याला विचारलं, शनिवारी पोलिसाला काय सांगणार. त्याने चादरीखालून डावा हात काढला आणि छातीवर ठेवला. अंगठा आहे. बाकीची चार बोटं एकमेकांत चिकटून वळलीत, त्यांत नखं कुठे आहेत तेही कळत नाही.

"मला पैसा नको. तुझी माफी पन नको. तुझ्या बहिनीला खरं सांग. मंग तिला हितं आन. तिनं माझा हात बघावा. कशी बघती त्ये मी बघीन, मंग पोलिसाला काय सांगायचं त्ये ठरवीन."

म्हणजे हे पत्र मला उपरती झाली म्हणून आलंय असं समजू नकोस. अमित अडकला नसता तर मी अजूनही गप्पच असतो. तुला शेवटचं एकदा तरी खोटं सांगायचं नाही, म्हणून हेही लिहितो.

काल अमितला सांगितलं. सविता आणि निकिताला देवळात पाठवलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं, पाठ फिरवल्यापासून घणापर्यंत. मी थांबल्यावर त्याने मला कॉलरला धरून भिंतीवर आपटलं. मग ठोसे. डावा डोळा बंद आहे, खालचे दोन दात गेले. मी हात वर केला नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे, तर हात उचलतच नव्हते. शेवटी तोच दमला. फरशीवर बसला आणि मला विचारलं, "मग मामा, मी कोणाला मारलं?" हे त्याने तीन-चारदा विचारलं. त्याला उत्तर तू दे, मला जमणार नाही.

उद्या सकाळी मालेगावहून पहिल्या एसटीने निघ. फळं, पैसे, साडी, काही आणू नकोस. स्टँडवर अमित येईल. तो तुला दवाखान्यात नेईल आणि बाहेर थांबेल. मी तिथे नसेन. मी पोलिसांत जाणार आहे, त्र्याण्णवचं सगळं लिहून द्यायला. तेव्हा तो अपघात म्हणून मिटवला होता, आता त्याचं काय होईल मला माहीत नाही. काही झालं तरी चालेल.

आत गेल्यावर मंगळूशी अमितबद्दल बोलू नकोस. पोरासाठी आलीस असं त्याला दिसलं तर तो तोंड फिरवील, आणि फिरवावंच त्याने. खाटेजवळ जा. तो हात दाखवेल. रडू येईल, येऊ दे, पण नजर काढू नकोस. त्याने धरू दिला तर तो हात हातात घे. कुसाबाईलाही विचार, त्या पोराचं नाव काय ठेवणार होती. मी विचारू शकलो नाही.

मग माझ्याकडे यायचं की नाही ते तू ठरव. आलीस आणि मारलंस तरी मी बसून राहीन. आली नाहीस तर भाऊबीजेला मी वाट बघणार नाही, आणि अमितचं जे होईल त्यात मी जन्मभर त्याच्या पाठीशी राहीन.

सावळीराम दाजींना मारणारा आणि तुला घण देणारा,
तुझा पाठचा भाऊ
धनराज